नाड्याची साक्ष

ज्या चड्डीच्या लोंबत्या नाड्याने एकेकाळी अवघ्या महाराष्ट्राला हसविले, त्या चड्डीच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवलेले मी राणीसावरगावात प्रत्यक्ष पाहिले, आणि त्या दर्शनाने जो संताप उसळला तो अद्याप पुरता निवलेला नाही.

नवरात्रात रेणुकामातेच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, फुगेवाल्यांच्या व बांगड्यांच्या दुकानांमागे, बाहेरगावच्या काही मंडळींनी कापडी मांडव घालून दादा कोंडके यांच्या वस्त्रांचे व स्मृतिचिन्हांचे प्रदर्शन मांडले होते. दादांचा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही. मुंबईच्या नायगावात गिरणी कामगाराच्या घरी १९३२ साली जन्म, सेवादल, वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’, भालजींची ‘तांबडी माती’, आणि मग १९७१ चा ‘सोंगाड्या’, हे सारे सर्वश्रुतच आहे. आमच्या गंगाखेड तालुक्यात तो चित्रपट टुरिंग टॉकीजच्या तंबूत आला तेव्हा थोरल्या भावाच्या खांद्यावर बसून मी तो पाहिला होता.

मांडवाच्या मध्यभागी काचेच्या पेटीत ती चड्डी होती, आणि तिच्याखाली पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की, ‘सोंगाड्या’ चित्रपटात दादांनी हीच परिधान केली होती. आमच्या घरी पिढीजात कापडाचा व्यापार असल्यामुळे कापड दिसताच नजर आपोआप त्याच्या पोताकडे व शिवणीकडे जाते. पेटीची मागची बाजू उघडीच होती. कापड टेरिकॉटचे होते. परंतु टेरिकॉट त्या काळीही मिळे, म्हणून तेवढ्यावरून निवाडा करणे न्याय्य झाले नसते. आतल्या कडांना इंटरलॉक मारलेले होते, रंग कोठेही विटलेला नव्हता, घड्यांच्या रेषा दुकानातून आणल्यासारख्या ताज्या होत्या, कमरेपाशी कंपनीची चिठ्ठी कातरून टाकल्याचे दोन धागे शिल्लक होते. आणि नेफा किंचित ओढून पाहिला तो आत रुंद इलॅस्टिक, व त्यावरून केवळ शोभेसाठी टाचून सोडलेला नायलॉनचा नाडा!

या एका इलॅस्टिकचा मला एवढा राग का यावा, असे कोणी विचारील. ‘सोंगाड्या’तला दादांचा नाम्या हा वाढलेल्या देहातला पोर आहे. ती सैल चड्डी आता सुटते की मग सुटते या धाकधुकीवर त्याचा सारा निरागसपणा उभा आहे, आणि ती धाकधूक नाड्यावाचून संभवत नाही. इलॅस्टिकवाल्या चड्डीत नाम्या जन्मासच येऊ शकत नाही. ज्याने ही नक्कल शिवून घेतली त्याने दादांचे नाव वापरले, परंतु त्यांचे कसब घटकाभरही मन लावून पाहिले नाही.

मी व्यवस्थापकाकडे जाऊन, प्रत्येक जिन्नस कोणाकडून, केव्हा व कोणत्या दाखल्यानिशी मिळाला याची याद मागितली. तो तरुण नम्रपणे म्हणाला, “काका, अस्सल का नक्कल कोण बघायलंय? लोकं हसायलेत ना?” पुठ्ठ्यावर ‘नक्कल’ असे लिहावे, एवढाच लेखी अर्ज मी तेथल्या तेथे करून दिला. तो त्याने घडी करून खिशात ठेवला.

ऐतिहासिक पुरुषांच्या तलवारींची आपण फेरिस्त करतो, खातरजमा करतो. विनोदी नटाचे वस्त्र मात्र आपल्याला चिंधी वाटते. स्वित्झर्लंडमधील ज्या घरात चार्ली चॅप्लिन १९७७ साली वारले, तेथे २०१६ मध्ये त्यांच्या जीवनाचे व कलेचे संग्रहालय उघडले. आपल्याकडे ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळावी म्हणून बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावे लागले, आणि त्याच नटाचे ओळीने नऊ चित्रपट पुढे रौप्यमहोत्सवी ठरून गिनीज बुकात नोंदले गेले. ज्या घरांत अशा कलावंतांची वस्त्रे, पत्रे, करारपत्रे असतील त्यांनी ती धुण्यापूर्वी, वाटण्यापूर्वी प्रत्येकाला एक कागद जोडून तपशील लिहावा, आणि शक्य असेल तेथे ती जबाबदार संग्रहालयाच्या स्वाधीन करून रीतसर पावती घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी अर्ज लिहीत असताना एक वृद्ध बाई नातीला घेऊन पेटीपाशी आली. “बघ माय, नाम्याचा नाडा लोंबायलाय!” असे म्हणून ती डोळे पुसण्याइतकी हसली, आणि ज्या नातीने तो चित्रपट कधी पाहिला नसेल तीही आजीकडे पाहून हसू लागली. ते हसणे खोटे होते असे मला म्हणवत नाही. दादांना जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर, १४ मार्च १९९८ नंतर जन्मलेल्या मुलीला त्यांच्या नाम्याची ओळख आमच्या गावात कोणी करून दिली असेल, तर ती त्याच खोट्या चड्डीने. तरीही तो पुठ्ठा बदलला पाहिजे, या मताला मी चिकटून आहे. आणि पुढच्या नवरात्रात ती मंडळी पुन्हा आली, पुठ्ठा तोच असला, तरी मी तिकीट काढून आत जाईन आणि पुन्हा अर्ज देईन.