काळी रेघ

हाड मोडलें कीं दीड महिन्यांत जुळतें, अशी माझी बाळपणापासूनची समजूत. आंब्यावरून पडल्यावर माझा हात तसा जुळलाही होता. म्हणून गुडघ्याजवळचा कर्करोगानें ग्रासलेला हाडाचा तुकडा काढून, तेथें भाच्याच्याच पायांतलें बारीक हाड बसविलें, तेव्हां मी दिवस मोजूं लागलों.

पांच महिने लोटले, तरी क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दोन हाडांमधली काळी रेघ तशीच! मीं जरा चिडूनच डॉक्टरांना कारण विचारलें.

"आमचींच औषधें तिला बुजूं देत नाहींत," ते शांतपणें म्हणाले. मेथोट्रेक्सेट, सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन यांचा रोख भराभर वाढणाऱ्या पेशींवर. पण नवें हाड रचणाऱ्या पेशी आणि कलमाकडे धांवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्याही अशाच वाढतात. चोरावर पडणारा मार घर बांधणाऱ्या गवंड्यालाही बसतो.

"मग औषधें थांबवा!"

"हाड थांबेल; फुप्फुसांत लपलेला रोग थांबणार नाहीं."

1970 पूर्वी पाय कापूनही या रोगाचे पांचांतले चार रोगी दगावत. आज, रोग पसरलेला नसल्यास, तिघांतले सुमारें दोघे वांचतात, ते या औषधांमुळेंच. मी निरुत्तर झालों.

घरीं परततांना भाचा कुबड्या सांवरीत हंसून म्हणाला, "मामा, हाडाला घाई नाहीं, मलाही नाहीं. तुम्हांलाच कां?"

त्या दिवसापासून मीं दिवस मोजणें सोडलें. औषधें संपून आतां बरेच महिने झाले. रेघ पुसट होत चालली आहे.