मुर्रीच्या भिंतीवर दिसलेले गाणे

धानकापणी आटोपत आली होती. नागपूरहून रेल्वेने गोंदियाला उतरलो आणि ऑटोने मुर्रीला बहिणीच्या घरी पोहोचलो. गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. वाटेत राईस मिलची धडधड कानी पडली, शेतात धानाचे पुंजणे दिसले. थोरल्या भाचीचे लग्न ठरले होते, म्हणून पाहुण्यांनी घर भरलेले. संध्याकाळ झाली की अंगणात ढोलकी निघे आणि बाया गाणी म्हणत.

पण धाकटी भाची त्यात नसे. ती जन्मापासून कर्णबधिर. गाणी सुरू झाली की ती उठून चुलीपाशी जाऊन बसे. सगळे कशाला हसतात, कशाला टाळ्या वाजवतात, हे तिला कोण सांगणार?

भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचे शिकतो. तो म्हणाला, "मामाजी, आज हिले गाणं दाखवतो जी."

आधी त्याने दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला. दोन्ही तोंडे मोकळी करून कडा ठोकून बोथट केल्या. एका तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधले आणि त्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवला. टॉर्चचा उजेड आरशावर पडला आणि समोरच्या भिंतीवर एक ठिपका उमटला. दुसऱ्या तोंडाशी ढोलकी वाजवताच तो ठिपका थरथरू लागला. आवाज म्हणजे हवेचे धक्के. धक्क्याने रबर हलते, रबराबरोबर आरसा हलतो. आरशाची केसभर हालचाल दूरच्या भिंतीवर बोटभर दिसते.

मग मोबाईल आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर. मोबाईलचा माईक आवाज घेतो. त्यातला प्रोग्रॅम खर्जाचे, मधले आणि बारीक असे स्वर वेगळे काढतो, तेही सेकंदात कितीतरी वेळा. खर्जाला त्याने मोठी निळी वर्तुळे दिली, बारीक स्वरांना पिवळे ठिपके. चुन्याने सारवलेली भिंत हाच पडदा. आधी मोबाईलचे चित्र बिनतारी पाठवले, तर ते तालाच्या मागे पडू लागले. वायर जोडताच ठेका आणि वर्तुळ बरोबर जुळले.

खरे जग आणि संगणकाचे चित्र यांची सरमिसळ करण्याच्या या विद्येला 'मिश्र वास्तव' म्हणतात. पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ साली तिच्यावर निबंध लिहिला. आज तिच्यासाठी डोळ्यांवर चढवायची महागडी यंत्रे मिळतात. मुर्रीत ते काम भिंतीने केले. सुरांना रंग देण्याची हौस मात्र त्याहून जुनी आहे. स्क्रिआबिन या रशियन संगीतकाराने १९१० च्या 'प्रोमेथिअस' या रचनेत रंगीत दिव्यांसाठीही स्वरलिपी लिहून ठेवली होती.

भाचीला भिंतीपुढे उभे केले. तिची सावली वर्तुळांत मिसळली. तिने एक हात ढोलकीच्या कडेवर ठेवला. हाताला धक्का बसे तेव्हाच भिंतीवर वर्तुळ फुले. दोन-चार वेळा तिने हाताकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले. मग ढोलकी ओढून घेतली आणि स्वतःच थाप मारली. भिंतीने उत्तर दिले! गाणे थांबल्यावरही एकदा भिंत हलली. तिने खुणेने विचारले, हे काय? गल्लीत कुत्रा भुंकत होता. ती धावत दारापाशी गेली आणि त्याला पाहून खळखळून हसली. बहिणीने पदर डोळ्यांना लावला.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. तरी त्या जगप्रसिद्ध तालवादक झाल्या. अनवाणी उभ्या राहून त्या कंप अंगात घेतात. संगीत केवळ कानांची मिरास नाही.

एक पाहुणे म्हणाले, "मग लग्नात डीजे अन् लेझरच आणू." भाच्याने नकार दिला, तो मला पटला. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझरने इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. जिचे डोळेच कान आहेत, तिच्यापुढे लेझर कसा आणायचा? दिवेही सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नयेत, काहींना त्याने फिट येऊ शकते. आवाजालाही कायदा आहे. २००० च्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला सर्वसाधारणपणे बंदी आहे. ऐकणाऱ्यांचे कान बधिर करून न ऐकणारीला कसला आनंद मिळणार?

वाचक बंधूभगिनींनो, तुमच्या घरी असे लेकरू असेल तर प्रोजेक्टरची वाट पाहू नका. गाणे लागले की फुगवलेला फुगा त्याच्या दोन्ही हातांत द्या, ताल तळहातांना कळतो. तपासणी, शाळा आणि खुणांची भाषा यांची जागा हा खेळ घेऊ शकत नाही, ते सगळे हवेच. पण घरच्या आनंदात त्याचा वाटा आजच देता येतो.

मी निघालो त्या संध्याकाळीही अंगणात ढोलकी निघाली होती. भाची चुलीपाशी गेली नाही. ढोलकी तिच्याच मांडीवर होती.