भिवंडीतील एका गाडीचा जीर्णोद्धार

ठाण्याकडून निघून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुका सुरू होतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही एकेकाळची भातशेतीची गावे आता गोदामांच्या पत्र्यांखाली झाकली गेली आहेत. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. मुंबईत जकात होती, येथील ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती. माल येथे उतरवावा आणि शहरात लागेल तेवढाच न्यावा, असा सरळ व्यापारी हिशेब होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, ती वाढतच राहिली. अंजूरफाट्यावरून शहरात शिरले की पत्र्यांची जागा यंत्रमागांचा खडखडाट घेतो. वरून ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब गेले असल्यामुळे खालच्या रस्त्याची अवस्था काय झाली, हे येथील प्रत्येक गाडीच्या बुशांना विचारावे.

ज्या गावात रात्रंदिवस ट्रक येतात, त्या गावात ट्रक दुरुस्त करणारे हात आपोआप तयार होतात. बायपासच्या कडेने, कल्याण रोडवर, वंजारपट्टी नाक्याच्या आसपास अशी वर्कशॉपे दाटीने उभी आहेत. कोणी फक्त पाटे बसवतो, कोणी रेडिएटर, कोणी डिझेल पंप, तर कोणी नुसती वायरिंग पाहतो. वाहन बांधण्याची आणि सांधण्याची विद्या या भूमीला नवी नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराच्या नौकाबांधणीचा आरंभ याच खाडीत झाला, असे इतिहासकार सांगतात. आज खाडीत गलबते नाहीत, पण लोखंडावर घण पडल्याचा आवाज थांबलेला नाही.

अशा या गावात कापडाच्या व्यापारातील एका एकत्र कुटुंबाची २०११ सालची डिझेल इनोव्हा आहे. तिच्या मीटरवर दोन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर उमटले आहेत. या गाडीने शहापूरच्या मानस मंदिराच्या असंख्य फेऱ्या केल्या, नाशिकजवळचे गजपंथ पाहिले. २०१६ मध्ये मांगीतुंगी येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा झाली, त्या वर्षी सटाणा-ताहाराबादमार्गे तिकडेही ती जाऊन आली. घरातील दोन सुना याच गाडीतून प्रथम उंबरठ्यावर आल्या, आणि आजींना मध्यरात्री रुग्णालयात नेले तेही हिनेच. २०२६ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पुरी होत असल्यामुळे घरात प्रश्न उभा राहिला, की गाडी ठेवावी की काढावी?

मुलांचे म्हणणे नवी घ्यावी असे होते. आजोबांनी वहीचे कोरे पान उघडले. आयकराच्या नियमांप्रमाणे मोटारगाडीवर दरसाल घटत्या मूल्यावर पंधरा टक्के घसारा धरतात. त्या दराने दहा लाखांची गाडी पंधरा वर्षांनी पुस्तकात सुमारे सत्त्याऐंशी हजारांची उरते. मिस्त्रींनी मोठ्या सर्व्हिसचा सांगितलेला अंदाजही नेमका तितकाच, ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात. पुस्तकी किमतीएवढा खर्च दुरुस्तीवर करणे हा शहाणपणा नव्हे, असे कोणीही हिशेबनीस म्हणेल. परंतु येथे हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पुस्तकी किंमत सांगते ती हिशेबात गाडीचे किती मूल्य उरले हे. तशीच सात-आठ माणसांची गाडी नव्याने घेताना काय जाईल, याचा उल्लेख त्या पुस्तकात नसतो. इंजिन निरोगी असेल, सांगाडा गंजलेला नसेल आणि अपघाताचा मोठा इतिहास नसेल, तर चार-पाच वर्षांच्या उपयोगासाठी हा खर्च महाग म्हणता येणार नाही. मात्र या तीन अटींपैकी एकही मोडत असेल, तर केवळ मायेपोटी पैसा ओतण्यात अर्थ नाही. येथे पुष्कळ कुटुंबांची गल्लत होते. गाडीविषयीचा जिव्हाळा आणि गाडीची प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून मिस्त्रींनी पाना हाती घेण्याआधी गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितली. सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू केले आणि काही क्षण डोळे मिटून ऐकले. धूर कोणत्या रंगाचा आहे ते पाहिले. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असल्याची शंका घ्यावी. हिचा धूर किंचित काळा होता, म्हणजे इंजेक्टर साफ करावे लागणार. मग गाडी जॅकवर चढली. खालून चेसिसवर टोकदार हत्याराने ठिकठिकाणी टोचून पाहिले. गंज वरवरचा होता. तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला.

भिवंडीतील गाडीला एक आजार जास्तीचा असतो. मागांवरून उडालेले सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. ते एअर फिल्टरवर साचतात आणि एसीच्या कंडेन्सरच्या व रेडिएटरच्या जाळीत नमद्यासारखे बसतात. वरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. दोन्ही जाळ्या सुट्या केल्या की मधल्या फटीतून राखाडी गादीच निघते. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापते, मालक थर्मोस्टॅटला दोष देतो आणि खरे कारण त्या गादीत दडलेले असते. त्यात वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी घातलेले असेल, तर आतूनही गंजाचा लगदा साचतो.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती टायमिंग बेल्टची. रबरी दात्यांचा हा पट्टा इंजिनाचा तळचा दांडा आणि वरच्या झडपा यांचा ताल सांभाळतो. तो तुटला तर झडपा उघड्या राहतात, खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो आणि काही हजारांत भागणारे काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जाते. तुटण्याआधी तो बहुधा आवाज करत नाही. पहिला पट्टा दीड लाखाच्या सुमारास बदललेला होता, दुसऱ्याची वेळ आता जवळ आली होती. थोरल्या मुलाने, "अजून थोडा चालेल ना?" असे विचारले. मिस्त्रींचे उत्तर ऐकण्यासारखे होते. "चालेल, शेठ. पण कुठपर्यंत, ते मला विचारू नका." पट्ट्याबरोबर त्याचा टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदलला गेला. तिथवर पोहोचण्याची मजुरी एकदाच पडते, मग पंपासाठी सहा महिन्यांनी सगळे पुन्हा कशाला खोलायचे?

ब्रेकचे तेल मात्र बहुतेक घरांत विस्मरणात जाते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत हे काम वेगाने होते. पाणी मिसळले की तेलाचा उत्कलनबिंदू खाली येतो. कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने ते तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल एकाएकी पोकळ लागते. दर दोन वर्षांनी ते बदलावे, असे साधारण मानले जाते. या गाडीत ते कधी बदलले होते, याची नोंद कोठेच सापडली नाही. बाटलीतून निघाले ते चहाच्या रंगाचे.

बाकीची यादी लांब होती, पण ती नेहमीचीच. पुढचे लोअर आर्म बुश, बॉल जॉइंट, शॉक अब्सॉर्बर, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे तेल, सर्व फिल्टर आणि इंजिनाचे माउंटिंग. क्लच अजून चांगला होता, म्हणून त्याला हात लावला नाही. हे विशेष नोंदवायला हवे, कारण मोठ्या सर्व्हिसच्या नावाखाली सुस्थितीतील भागही बदलण्याची प्रथा पडत चालली आहे. काढलेला प्रत्येक भाग नव्याच्या खोक्यात घालून मालकाला परत मिळाला. सुटे भाग आणताना पावती घ्यावी, ही आजोबांची एकमेव अट होती. पावतीविना स्वस्त मिळणारा ब्रेक पॅड खरा की नकली, हे ओळखण्याची दुसरी सोय सामान्य ग्राहकाकडे नाही. निघालेले काळे ऑइलही गटारात गेले नाही, डब्यात भरून ठेवले गेले. कामवारी नदीची जी दशा झाली आहे, ती पाहता एवढे तरी प्रत्येक वर्कशॉपकडे मागून घ्यावे.

गाडी पाच दिवस तेथे होती. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी काम थांबले आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा सुरू झाले. किल्ली, कागदपत्रे आणि आतील सामान तसेच होते. या गोष्टीत काही विशेष आहे असे तरुण पिढीला वाटणार नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्यांना वाटते. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील दुकानदार, मागवाले, कारागीर एका सतरंजीवर बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. या कुटुंबाचा आणि मिस्त्रींच्या वडिलांचा परिचय त्याच काळातला.

शेवटच्या दिवशी दोन किरकोळ वाटणारी कामे झाली, पण आजोबांनी त्यांचाच आग्रह अधिक धरला होता. एक, पुढच्या दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून स्वच्छ करणे आणि प्रकाशझोत योग्य उंचीवर आणणे. नाशिक महामार्गाच्या कडेने पहाटेच्या धूसर उजेडात विहार करणारे साधू-साध्वी चालत असतात. त्यांना वाहनांनी धडक दिल्याच्या वार्ता आपल्या समाजात वारंवार ऐकू येतात. ज्यांच्या दर्शनासाठी आपण गाडी काढतो, त्यांना आपल्याच दिव्यांतून पन्नास पावलांवरूनही पाहता येऊ नये, ही स्थिती बरी नव्हे.

दुसरे काम टायरांचे. टायरच्या कडेवर छापलेल्या शेवटच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. या गाडीच्या टायरांवर नक्षी पुरेशी शिल्लक होती, पण अंक होते २३१७. म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातील माल. रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या होत्या. गावातल्या गावात ते आणखी वर्ष-दोन वर्षे निभावलेही असते. परंतु ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आहे आणि आमणे हे याच तालुक्यातील गाव. कसारा घाटाची वळणे टाळून बोगद्यांतून थेट इगतपुरी गाठता येते आणि ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता नागपूरपर्यंत समोर पसरतो. तेथे मोटारींना सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास त्या वेगाने धावणे नऊ वर्षांच्या टायरला झेपणारे नाही. चारही टायर नवे आले. अंदाजपत्रकाबाहेरचा हा खर्च कोणी वादाविना मान्य केला.

आता फेरनोंदणी उरली आहे. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर घातलेले निर्बंध महाराष्ट्रात लागू नाहीत. येथे परिवहन कार्यालयात तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि गाडी पात्र ठरली की पाच वर्षांची मुदत मिळते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि विम्याची प्रत आजोबांनी फाइलमध्ये लावून ठेवली आहे. मिस्त्रींनी हजार किलोमीटरनंतर गाडी पुन्हा दाखवायला सांगितली आहे. नव्या बुशांचे बोल्ट तेव्हा एकदा आवळून घ्यायचे आहेत.