विशेष उल्लेखनीय कार्य

एप्रिल संपत आला होता. मेट्रन मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं आणि चार पानांचा नमुना माझ्यापुढे सरकवला. "सिस्टरचा प्रस्ताव तू लिही. तुझं अक्षर बरं आहे. त्यांच्यावर सोडलं तर कागद कोरा परत येईल."

सिस्टर म्हणजे आमच्या नवजात शिशू कक्षाच्या इन्चार्ज. कागदोपत्री परिसेविका, पण सगळ्या रुग्णालयात नुसतं 'सिस्टर' म्हटलं की त्याच. बाकीच्या आम्ही नावानं ओळखल्या जातो. १२ मेला परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात त्यांचा गौरव व्हावा, असं मॅडमच्या मनात होतं. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं.

नमुन्यात रकाने होते. शिक्षण, सेवेची वर्षं, प्रशिक्षणं, शोधनिबंध, यापूर्वीचे पुरस्कार. शेवटच्या पानावर 'विशेष उल्लेखनीय कार्य', आणि त्यापुढे टिंबाटिंबांच्या चार ओळी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, काय लिहू? त्या डब्यातली मेथीची भाजी संपवत म्हणाल्या, "लिही की बत्तीस वर्षं झाली. रजा फार घेतल्या नाहीत." मग थोडं थांबून, "आणि मागच्या महिन्यापासून दोन वॉर्मर बंद आहेत, तेही लिहिता येतं का बघ."

मी या कक्षात आले ती सर्जिकल वॉर्डातून. तिथे आठ वर्षं काढली होती, ड्रेसिंग, सलाईन, ऑपरेशननंतरचे पेशंट, सगळं हातातलं. एक-दीड किलोचं बाळ म्हणजे लहान पेशंट, अशी माझी समजूत. सिस्टरनी पहिले आठ दिवस मला एकाही मशीनला हात लावू दिला नाही. एकच काम दिलं. दर दोन तासांनी प्रत्येक बाळाजवळ जायचं, हात धुवायचे, ते चोळून गरम करायचे आणि हाताच्या मागच्या बाजूनं आधी बाळाचं पोट पाहायचं, मग तळपाय. पोट गरम, तळवे गरम आणि गुलाबी, तर बाळ बरं आहे. पोट गरम पण तळवे थंड, तर बाळ थंडीशी झगडतंय, अंगातली साखर आणि प्राणवायू त्यातच संपवतंय. दोन्ही थंड, तर धावायचं. वहीत लिहायचं, वेळेसकट.

मला राग आला होता. वॉर्मरच्या पडद्यावर आकडा दिसत असताना हातानं काय बघायचं? तिसऱ्या दिवशी एका बाळाच्या पोटावरचा सेन्सर अर्धवट सुटला होता. पडद्यावर ३६.५, आणि तळवे बर्फ. तेव्हापासून मी वाद घातला नाही.

ऑक्सिजनचंही तसंच. बाळ निळसर दिसलं की नळ वाढवावा, ही आपली सगळ्यांची उपजत बुद्धी. सिस्टर म्हणायच्या, ते औषध आहे, वारा नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला प्राणवायू जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि बाळ आंधळं होऊ शकतं. म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण, ९० ते ९५ मध्ये ठेवायचं, शंभर दिसलं की खुश व्हायचं नाही, खाली आणायचं. मोठ्या माणसांच्या वॉर्डात शंभर म्हणजे पैकीच्या पैकी. इथे शंभर म्हणजे शेरा. हे डोक्यात बसायला मला महिने लागले. आणि हेच मला प्रस्तावात लिहायचं होतं, की ही नर्सिंग वेगळी आहे, ती सहा महिन्यांत अंगात येत नाही. पण चार ओळींत ते कसं बसवणार? मग मी एका बाळाची गोष्ट लिहायला घेतली.

ते बाळ काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आलं होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच आहे, आणि जिल्ह्याचे दोन तुकडे जुनेच आहेत. उत्तरेला कालवे, ऊस, कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, जिथून दिवाळी झाली की माणसं कोयता घेऊन उत्तरेला ऊसतोडीला येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल घेतलेली असते. बाई गरोदर असली तरी ती कोयत्याचा अर्धा भाग असतेच. आमच्याकडे कमी वजनाची बाळं हंगामात वाढतात, हे सांगायला आम्हाला कुठलाही अहवाल लागत नाही.

ही बाई पाथर्डीकडची. एकतिसावा आठवडा. पहाटे मोळ्या बांधताना कळा सुरू झाल्या आणि कोपीतच, त्यांच्या झोपडीतच, बाळंत झाली. १०८ ची गाडी येईपर्यंत बाळ लुगड्यात गुंडाळलेलं होतं, लुगडं ओलं. आलं तेव्हा अंगाचं तापमान ३४ च्या जरा वर. वजन ११४० ग्रॅम. आईला रक्तस्राव झाला होता, ती खाली बाळंतिणींच्या वॉर्डात, रक्त चढतंय. वरती काचेच्या दाराबाहेर बाप उभा. पंचविशीचा असेल. दोन्ही हातांवर आणि गळ्याखाली उसाच्या पाल्यानं कापल्याचे बारीक ओरखडे.

चौथ्या-पाचव्या दिवशी बाळाचा श्वास जरा स्थिर झाला आणि सिस्टर त्याला म्हणाल्या, "शर्ट काढ." तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

कांगारू पद्धत आता पुष्कळांना माहीत आहे. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती, तेव्हा एदगार रेय आणि एक्तोर मार्तिनेझ या डॉक्टरांनी बाळं आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेली युक्ती. पुढे २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं. एक ते एक पूर्णांक आठ किलोच्या आतली बाळं जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न पाहता छातीवर ठेवली, तर मृत्यू पाव हिश्शानं कमी झाले. पण आमच्याकडे तोवर 'आई'च्या छातीवर, एवढंच सगळे वाचत होते. बापाला आत घ्यायचं म्हणजे बाकीच्या आयांची कुचंबणा, पडदे नाहीत, खुर्ची नाही, वरून कुणाची परवानगी, अशी शंभर कारणं.

सिस्टरनी स्टोअरमधून एक जुनी आरामखुर्ची आणवली, तिला लागलेला चुना मावशींकडून घासून काढवला. चादरीचा आडोसा केला. त्या पोराला गरम पाण्यानं अंघोळ करायला लावली, नखं कापायला लावली. त्याच्या गळ्यातला काळा दोरा तेवढा तसाच राहू दिला. मग टोपी-मोजे घातलेलं ते बाळ, पायांची बेडकासारखी घडी करून, मान एका बाजूला वळवून, त्याच्या ओरखडलेल्या छातीवर ठेवलं आणि वरून मऊ जुन्या साडीचा पट्टा बांधला. तो ताठ बसून राहिला. हलेना, बोलेना. दहा मिनिटांनी अगदी हळू आवाजात विचारतो, "सिस्टर, श्वास घेऊ का?"

आम्ही हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घे. तू घेतलास की त्याला आठवण राहते." आणि खरंच आहे ते, अशा बाळांचा श्वास मध्येच थांबतो, तळव्याला टिचकी मारावी लागते. छातीची हालचाल मिळाली की ते थांबणं कमी होतं.

सातव्या दिवशी मुकादम गेटवर आला. बाई नाही तर नाही, गडी तरी द्या, टोळी अडलीय. सिस्टर ॲप्रनवरच खाली गेल्या. काय बोलल्या ते वॉचमनमामांनी नंतर सगळ्यांना ऐकवलं. "हा माणूस सध्या माझ्याकडं मशीन म्हणून लागलाय. चालू मशीन काढून देत नसतात." मुकादम गेला. उचलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. ते पैसे त्या पोरानं पुढच्या हंगामात फेडले असणार, दुसरं काय.

मग नवव्या रात्री बाळाचं पोट फुगलं. अशा बाळांच्या आतड्याला सूज येते, काही तासांत आतडं सडायला लागू शकतं, आणि वरून दिसतं फारसं काही नाही. दूध वेळेवर थांबवलं, डॉक्टर लगेच आले, एक्स-रे, अँटिबायोटिक, आणि ऑपरेशनवाचून निभावलं. महिन्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, स्वच्छ. एकेचाळिसाव्या दिवशी बाळ घरी. घरी म्हणजे कोपीत. मी त्या नवव्या रात्री ऑफला होते, पण पुढे ही गोष्ट कक्षात इतक्यांदा सांगितली गेली की मला ती पाहिल्यासारखी वाटते. सिस्टरनी नुसत्या हातानं ओळखलं, अशी. मीही तशीच लिहिली.

लिहिता लिहिता मला जामखेड तालुक्यातलं आमचं गाव आठवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले, तेव्हा आसपासच्या गावांत हजारी पावणेदोनशे बाळं वर्षाच्या आत जायची. त्यांनी गावागावांतून बायका निवडायला सांगितल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, आणि त्यांना आरोग्यसेविका केलं. वजन करणं, पाणी-साखर-मिठाचं द्रावण, बाळंतपण. १९७९ मध्ये या जोडप्याला मॅगसेसे मिळालं. आजी सांगायची, की सुरुवातीला यातल्या बाईच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही आणि पाच-सहा वर्षांत तिच्याशिवाय कुणी बाळंत होईना. पण आजी एक गोष्ट नेहमी घोळवून सांगायची. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमायच्या आणि एकमेकींना शिकवायच्या. जी आज शिकली ती पुढच्या खेपेला शिकवणार. आणि गावची बाई गावातच राहायची. तिची बदली कोण करणार?

इथेच माझं दुखणं आहे आणि ते नमुन्यात लिहायला रकाना नाही. नवजात कक्षात काम करण्याआधी मुलींना वेगळं प्रशिक्षण देतात, मोठ्या रुग्णालयात नेऊन दोन आठवडे प्रत्यक्ष शिकवतात. त्यानंतर वर्ष-दोन वर्षं सिस्टरच्या हाताखाली. तेवढ्यात वरून यादी येते. सगळ्यांना सगळीकडे फिरवायचं, म्हणजे समान न्याय. जिला तळव्यावरून बाळ कळतं ती जाते अपघात विभागात, आणि तिथली पट्टीची मुलगी इथे येऊन शंभर सॅच्युरेशन बघून खुश होते. हृदयाच्या डॉक्टरला कुणी त्वचारोगात पाठवत नाही. सिस्टर स्वतः टिकल्या, कारण एका जुन्या बालरोगतज्ज्ञांनी दरवेळी पत्र लिहून त्यांचं नाव यादीतून काढवलं. त्या पत्रांच्या झेरॉक्स त्यांनी जपून ठेवल्यात. मला वाटतं तोच त्यांचा खरा पुरस्कार, पण प्रस्तावाला जोडायचा कसा?

गौरवाचं मला वावडं नाही. १९७३ पासून दरवर्षी देशातल्या निवडक परिचारिकांना फ्लोरेन्स नाईटिंगेल पुरस्कार मिळतो, राष्ट्रपतींच्या हस्ते, आणि तो फोटो आम्ही सगळ्या व्हॉट्सॲपवर मनापासून फिरवतो. २०२० मध्ये थाळ्या वाजल्या तेव्हा मी नाईट करून झोपले होते, आवाजानं दचकून उठले, पण नंतर बरंच वाटलं. कोविडच्या त्या काळात नगरच्या बूथ हॉस्पिटलचं नाव सगळीकडे झालं, तेव्हा त्यातल्या नर्सेसबद्दल आम्हाला आमच्याच घरच्यांसारखा अभिमान वाटला. फक्त शाल घेऊन आलेली बाई दुसऱ्या दिवशी कुठल्या वॉर्डात हजर होते, ते कुणी विचारत नाही, एवढंच.

संध्याकाळी प्रस्ताव सिस्टरपुढे ठेवला. चार ओळींच्या जागी मी दोन पानं जोडली होती. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. मुकादमाच्या वाक्यावर जरा हसल्या. मग पेन काढलं आणि नवव्या रात्रीच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली.

"हे मी नाही केलं."

"सगळे तसंच सांगतात, सिस्टर."

"सगळे तिथे नव्हते. मी घरी झोपले होते. ती नवीन पोरगी होती ना, अकोल्याकडची, सहाच महिने झाले होते तिला. तिनं मला फोन केला. मी नुसतं हो म्हटलं. डॉक्टरांना तिनं आधीच बोलावलं होतं." त्यांनी कागद परत दिला. "तिचं नाव घाल. नाहीतर हे काढून टाक."

त्या रात्री माझीच ड्युटी होती. दोघी होतो, बाळं चौदा. तीनच्या सुमाराला जरा उसंत मिळाली तेव्हा कपाटातून त्या डिसेंबरची ड्युटी-ओव्हरची वही काढली. पानाला दुधाचा डाग होता. गोल, शाळकरी अक्षरात लिहिलेलं, "रात्री २.४०. तळवे थंड, पोट गरम. पोटाचा घेर टेपने मोजला, १ सेमी जास्त. २ ला दिलेले दूध नळीतून तसेच परत आले, हिरवट. पुढचे दूध थांबवले. डॉक्टरांना कॉल केला. इन्चार्ज सिस्टरना कळवले." खाली सही.

मी पानाचा फोटो काढून प्रस्तावाला जोडला आणि तिचं पूर्ण नाव लिहिलं. 'सध्याचं कामाचं ठिकाण' विचारायला सकाळी आस्थापना शाखेत फोन लावला. दोन वर्षं झाली, ती हाडांच्या वॉर्डात आहे.