पुट्टीखालची भेग

आम्ही दोघे भाऊ मूळचे सोपाऱ्याचे. अब्बा सुतार होते. गास, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या घरांचे वासे आणि दरवाजे त्यांच्या हातचे. लाकडावर बोट वाजवून आत वाळवी लागली आहे की नाही, हे ते सांगत. आम्ही मात्र रंधा हातात घेतला नाही. शिकलो, नोकरीला लागलो आणि २०१७ साली सहा महिन्यांच्या अंतराने दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. मग नालासोपाऱ्यात नोकरी गेलेला माणूस बहुधा जे करतो तेच आम्ही केले. जागेच्या दलालीत उतरलो.

सुरुवात भाड्याच्या खोल्यांपासून झाली. पुढे एका अनुभवी दलालाने बयाण्याचा धंदा शिकवला. पैशाची नड असलेला घरमालक शोधायचा. त्याच्याशी पडता भाव ठरवायचा, पन्नास हजार इसार द्यायचा, चार-सहा महिन्यांच्या मुदतीचा करार करायचा आणि मुदत संपण्याआधी चढ्या भावाचे गिऱ्हाईक लावायचे. मधला फरक आपला. अमेरिकेत यालाच घरांचे होलसेलिंग म्हणतात, असे नंतर कळले. आमच्याकडे त्याला ‘बयाणा टाकणे’ एवढेच म्हणतात. या धंद्याला भांडवल फारसे लागत नाही हे खरे. पण समोरच्याची नड आणि त्याचे अज्ञान, हेच यात भांडवल असते, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

त्याच वर्षी, १ मे २०१७ पासून, रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. नव्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची झाली, पुढे महारेराने परीक्षाही लावली. पण एकाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराला या कायद्याचे छत्र फारसे मिळत नाही. तिथे गिऱ्हाईकाला दोनच आधार, कागद आणि दलालाची नियत.

२०१९ साली आम्ही पुढचे पाऊल टाकले. उधार-उसनवार करून नालासोपारा पूर्वेला तळमजल्यावरची एक खोली विकत घेतली. नीट करून विकायची, असा बेत. लाद्या बदलल्या, ओटा नवा केला, नळ बदलले. हॉलच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एक उभी भेग होती. रंगाऱ्याने ती खरवडली, पुट्टी भरली, वर दोन हात रंग मारला. खोली लख्ख दिसू लागली.

अब्बांना दाखवायला नेले. ते त्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. बोट वाजवले आणि म्हणाले, “ही भेग भिंतीची होती का खांबाची, ते पाहिलंत का, पोरांनो?”

आम्ही पाहिले नव्हते. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची गोष्ट अब्बांनी लहानपणी आम्हाला कितीदा सांगितली असेल. ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवणारा आपल्यातला नव्हे, हे त्या गोष्टीचे तात्पर्य. त्या दिवशी त्यांनी ती गोष्ट सांगितली नाही. चप्पल घालून ते बाहेर पडले.

खोली एका रिक्षावाल्याने घेतली. त्याने भेगेबद्दल विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. सारा खर्च जाऊन दोन लाख सुटले. २०२२ साली अब्बा गेले.

२०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरातल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. हजारो माणसे रस्त्यावर आली. त्यांच्याकडे विजेची बिले होती, करारनामे होते. इमारतीला परवानगी मात्र नव्हती. त्यानंतर त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या रात्री विरारच्या विजय नगरात चार मजली रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. १७ माणसे गेली. तीही अनधिकृत इमारत. तीस वर्षांपुढच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे, पण ही इमारत तिशीच्या आसपासही नव्हती.

ती बातमी ऐकली आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच कोपरा आला. सकाळी रिक्षावाल्याच्या दारात उभे राहिलो आणि सगळे सांगितले. त्याने चहा विचारला नाही. “सहा वर्षं माझी पोरं या कोपऱ्यात झोपतात,” एवढेच म्हणाला.

इंजिनिअर आणला. त्याने पुट्टी फोडून पाहिली. भेग खांबाचीच निघाली. आतली सळई गंजून फुगली होती, म्हणून काँक्रीट फाटले होते. आधी टेकू लावले, मग सळया साफ करून त्या खांबाभोवती नवे काँक्रीट चढवले. इमारतीतल्या सर्वांनी वर्गणी काढली. त्याच्या खोलीचा वाटा आम्ही भरला आणि कमी पडले तेही भरले. दोन लाखांतले काही उरले नाही. पूर्वी ईदला तो घरी यायचा, आता येत नाही. त्याचे बरोबर आहे.

तेव्हा गासमध्ये आमचा एक बयाणा पडलेला होता. कौलारू घर, मागे केळी, पलीकडे बावखल. घरात एकट्या राहणाऱ्या ख्रिस्ती काकी. दरवाजा अब्बांनी केलेला, म्हणून त्यांनी आम्हाला घरचे समजून कमी भावाला होकार दिला होता. एक मुलगी वसईत, मुलगा कॅनडात. मुंबईच्या एका गिऱ्हाईकाने आम्हाला जवळजवळ दीडपट भाव देऊ केला होता.

आम्ही काकींकडे गेलो आणि बाजारभाव सांगितला. दुसरीही एक गोष्ट सांगितली. घरपट्टी त्यांच्या नावावर असली तरी घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. काका मृत्युपत्र न करता गेले होते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवेचा हिस्सा एक तृतीयांश, बाकीचा मुलगा-मुलीत समान. म्हणजे कॅनडातल्या मुलाचे कुलमुखत्यारपत्र आल्याशिवाय आमचा करार धड उभाच राहत नव्हता. हे आम्हाला आधीपासून माहीत होते. आम्ही ते पुढच्या गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारणार होतो.

काकी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “घर गळतंय म्हणून विकायला काढलं रे बाबांनो. गळलं नसतं तर कशाला विकलं असतं?”

इसार परत घेतला, करार रद्द केला आणि दिवाळीनंतर त्याच घराच्या दुरुस्तीचे काम मजुरीवर हाती घेतले. अब्बांच्या जुन्या जोडीदाराला बोलावून आणले. त्याने क्रम लावून दिला. आधी छप्पर, मग पाणी कुठून येते नि कुठे जाते ते, मग वीज, गिलावा त्यानंतर, रंग सगळ्यात शेवटी. आम्ही आजवर नेमके उलटे करत आलो होतो. कौले उतरवली तेव्हा सात वासे वाळवीने पोकळ झालेले निघाले. चुन्याच्या भिंतीवर मागे कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. त्यामुळे ओल आतच कोंडून विटांना लोणा लागला होता. तो गिलावा काढून पुन्हा चुन्याचा केला. अंदाजापेक्षा खर्च दीडपट झाला, तो मुलाने आणि मुलीने वाटून दिला. अब्बांच्या दरवाजाला मात्र तेलपाण्यापलीकडे काही करावे लागले नाही.

आम्हाला मिळाली मजुरी, बयाण्याच्या कमाईच्या पाव हिस्साही नाही. पण त्या कामावरून गासमधली आणखी दोन घरे मिळाली. दलाली अजून करतो, कारण पोट आहे. मात्र घर दाखवताना आता आधी परवानगीचे कागद पुढे ठेवतो आणि मग भेग असेल तर तिच्यावर बोट ठेवतो. काही गिऱ्हाइके तिथूनच परत फिरतात. मागच्या आठवड्यात एक जण असाच गेला. जिना उतरताना बायकोला म्हणत होता, “यांना धंदा जमत नाही.”