दुसरी प्रत

आमच्या घरी दर संकष्टीला रात्री दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक चंद्रोदयाची, आणि दुसरी संगणकाच्या पडद्यावर मुंगीच्या पावलांनी सरकणारी पट्टी शेवटाला जाण्याची. चंद्र दिसला की सौभाग्यवती नैवेद्य दाखवते. पट्टी भरली की मी एक काळी डबी संगणकापासून सोडवतो आणि कापडी पिशवीत घालून पिशवीला गाठ मारतो. मगच पानं वाढली जातात. पाहुण्यांना हा प्रकार पाहून हसू येतं. येऊ द्या. काही वर्षांपूर्वी मीही हसणाऱ्यांतलाच होतो.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. दहावी झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि खडू हाती धरला तो आजतागायत. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या संगणकावर लिहितो, एवढीच काय ती माझी आधुनिकता. सौभाग्यवतीचाही एक लहानसा उद्योग आहे, दिवाळीचा फराळ करून देण्याचा. कुणाला चकलीत तीळ चालत नाहीत, कुणाच्या सासूबाईंना चिवड्यात लसूण नको, कुणाकडे मागच्या वर्षीचे दोनशे रुपये राहिलेत, हे सारं त्याच संगणकात. पण गंमत अशी, की संगणकात घातलेलं प्रत्येक नाव ती पुन्हा एका लांब वहीतही लिहीत असे.

"अगं, एकच गोष्ट दोनदा लिहायला तुला कुठल्या मास्तरानं शिक्षा केलीय?" मी विचारायचो.

"घरातल्याच," ती म्हणायची आणि लिहीत राहायची.

माझ्याजवळही दुसरी प्रत नव्हती असं नाही. संगणकातलं सगळं मी त्या काळ्या डबीत उतरवून ठेवलं होतं. माझ्या नव्या कादंबरीची एकोणीस प्रकरणं होती, आणि आईचा आवाज होता. २०१६ च्या उन्हाळ्यात झोपाळ्यावर बसून ती आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल, मोटेबद्दल, मेलेल्या बैलाबद्दल सव्वा तास बोलली होती. पुढल्याच वर्षी ती गेली. वर्षश्राद्धाला धाकटी बहीण इंदूरहून आली तेव्हा म्हणाली, "दादा, आईचं बोलणं मला दे ना."

"इथंच तर आहे," मी म्हटलं. "ऐकावंसं वाटलं की येत जा."

ती काही बोलली नाही. जाताना मात्र भाच्याकडून तिनं ते एका बोटभर पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतलं. मला ते थोडं लागलंही. आईचं जे आहे ते माझ्या घरी आहे, या समजुतीत थोरल्या मुलाचा एक अहंकार असतो.

ती डबी मी ठेवली होती कुठं? संगणकाच्या टेबलाच्या खणात. हाताशी असावी म्हणून!

२०१९ चा ऑगस्ट महिना सांगलीकर विसरणार नाहीत. आमचं घर गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. २००५ च्या महापुराची खूण आम्ही भिंतीवर तांबड्या रंगानं करून ठेवली होती. पाणी चढू लागलं तसं मी टेबलावर टेबल चढवलं, त्या खुणेच्या वर हातभर संगणक ठेवला, शेजारी ती डबी ठेवली आणि समाधानानं हात झटकले. पण पाणी काही खूण वाचत नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आम्ही विश्रामबागेत मेहुणीकडे पोहोचलो तेव्हा सौभाग्यवतीच्या पिशवीत दागिने, रेशनकार्ड आणि ती लांब वही होती. माझ्या पिशवीत जुने दिवाळी अंक होते!

पूर ओसरल्यावर घरी गेलो तर संगणक आणि डबी दोन्ही एकाच चिखलात, एकमेकांना चिकटून पडलेली. जाणकारानं डबी उघडून दाखवली. आत आरशासारखी गुळगुळीत चकती असते. तिच्यावरून अक्षरं वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी अंतरावरून तरंगत फिरते. तिथं धुळीचा कणही डोंगर ठरतो, मग कृष्णेच्या गाळाची काय कथा! पुण्याला पाठवून काही निघेल का याची चौकशी केली. खर्चाचा आकडा माझ्या तीन महिन्यांच्या पगाराइतका, आणि हमी कसलीच नाही. मी डबी परत पिशवीत घातली.

सौभाग्यवतीनं मात्र दुसऱ्याच दिवशी वही उघडली. एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. मेहुणीच्या स्वयंपाकघरात भाजणी भाजली गेली आणि त्या दिवाळीला निम्म्याहून अधिक घरांत आमचा फराळ वेळेवर पोहोचला. घराला रंग लागला तो त्याच पैशांतून. माझी एकोणीस प्रकरणं गेली ती गेलीच. पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला बसलो, तेव्हा कळलं की त्यातलं मला फक्त शेवटचं वाक्य आठवत होतं.

शाळेतल्या मुलांना चित्रांचे सिनेमे कसे बनतात हे सांगताना मी आता एक हकीकत आवर्जून सांगतो. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा तयार होत होता. कुणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेनं तो संगणकातून भराभर पुसला जाऊ लागला. प्रती काढण्याची व्यवस्था तिथंही होती, पण ती कधीचीच नीट चालेनाशी झाली होती आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अखेर गॅलिन सुसमन या बाईंमुळे निभावलं. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर सिनेमाची एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीत मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधून कंपनीत नेण्यात आला. एवढा मोठा कारखाना, आणि त्याला तारलं ते एका बाळंतिणीच्या घरानं!

पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं यासाठी एक सोपा हिशेब रूढ केला आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि निदान एक प्रत दुसऱ्या जागी असावी. माझ्याजवळ प्रती दोन होत्या, पण जागा एकच. म्हणजे खरं पाहिलं तर प्रत एकच.

शाळेतले तरुण सहकारी म्हणतात, "सर, सगळं क्लाउडवर ठेवा, म्हणजे ढगात." सांगलीच्या माणसाला ढगाचा भरवसा धरायला सांगणं जरा धाडसाचंच! तरी मी तिथंही ठेवतो. मात्र एक ध्यानात घेतलं आहे. फोनचा आणि ढगाचा मेळ घातलेला असला, की इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. काही दिवसांची मुदत असते, ती टळली की संपलं. शिवाय फायलींना कुलपं घालून खंडणी मागणारे विषाणू आहेत. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'नं जगभरात तेच केलं. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डबीही असल्या कुलपातून सुटत नाही. म्हणून आमच्या डब्या आता दोन. एक घरी, सोडवून ठेवलेली, आणि एक विश्रामबागेत. दर संकष्टीनंतर त्यांची अदलाबदल होते.

त्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली. भिंतींना अजून ओल होती, पाट उसना आणला होता. तिनं ओवाळलं. तबकात सुपारीशेजारी तो बोटभर पेनड्राइव्ह होता. ओवाळणी भावानं घालायची असते, पण मी नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो. "तू दिलंस म्हणून माझ्याकडे होतं," ती म्हणाली. वास्तविक मी दिलं नव्हतं. तिनं नेलं होतं. जे मी मुठीत आवळून धरलं ते नदी घेऊन गेली, आणि जे नाइलाजानं हातातून सुटलं तेवढंच माझं उरलं.

आता लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी डबीही मांडलेली असते. हळदकुंकू वाहण्याआधी तिच्यातली एक फाईल उघडून पाहायची, असा सौभाग्यवतीचा दंडक आहे. "नुसती ठेवलेली प्रत काय कामाची? उघडते का ते बघायला नको?" असं ती म्हणते, आणि याही बाबतीत तिचंच खरं आहे.

मी दर वर्षी एकच फाईल उघडतो. क्षणभर खरखर होते, झोपाळ्याची कडी करकरते आणि आई विचारते, "चालू झालं का रे ते?"

"झालं, आई," आम्ही सगळे म्हणतो, आणि मग पूजेला बसतो.