टाळेबंदी, जमावबंदी आणि स्त्रियांची सुरक्षितता

टाळेबंदीच्या काळात स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी रस्त्यावर उतरावे की नाही, हा वाद २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अनेक देशांत रंगला. एका बाजूचे म्हणणे असे, की गर्दीतून संसर्ग पसरतो आणि गर्दी कशासाठी जमली आहे हे विषाणू पाहत नाही. तेव्हा निषेध काही महिने थांबला तर बिघडत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ज्या हिंसेविरुद्ध हा निषेध आहे ती थांबलेली नाही. घरे बंद झाल्यावर ती अधिकच वाढली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. त्यामुळे कोण संवेदनशील आणि कोण निष्काळजी असा निवाडा करून हा वाद मिटत नाही. बंद झालेल्या शहरात स्त्रीचे गाऱ्हाणे कोणत्या वाटेने पोहोचते, हे आधी पाहावे लागते.

ती वाट समजण्यासाठी भोपाळच्या दक्षिण टोकाचे मिसरोद हे चांगले उदाहरण आहे. एकेकाळचे हे गाव आता शहराचे उपनगर झाले आहे. भोपाळहून होशंगाबादकडे, म्हणजे आजच्या नर्मदापुरमकडे, जाणारा रस्ता त्याच्यातून जातो. शहराच्या बाजूला याच रस्त्यावर बरकतउल्ला विद्यापीठ आहे आणि पुढे रायसेन जिल्ह्यात मंडीदीपची औद्योगिक वसाहत. शिकणाऱ्या मुली, कारखान्यात जाणाऱ्या कामगार स्त्रिया आणि नव्या वसाहतींत धुणीभांडी करणाऱ्या बायका या सगळ्यांचे जगणे या रस्त्याला आणि त्यावरच्या बसला बांधलेले आहे. अत्याचार झालेल्या स्त्रियांना उपचार, समुपदेशन आणि कायद्याची मदत एका छताखाली मिळावी म्हणून २०१४ मध्ये सुरू झालेले ‘गौरवी’ केंद्र भोपाळच्या जयप्रकाश रुग्णालयात आहे. मिसरोदहून तिथे जायचे म्हणजे अर्धे शहर ओलांडायचे. मार्च २०२० मध्ये बस आणि रिक्षा थांबल्या तेव्हा हे अंतर नकाशावर तेवढेच राहिले, पण मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी ते पार करणे जवळपास अशक्य झाले. फोन करायचा तर तो बहुधा घरात एकच, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हातात. माहेरी निघून जावे तर जिल्ह्याच्या सीमा बंद. शेजारीण, कामाच्या ठिकाणची मैत्रीण, शाळेतल्या बाई ही एरवीची आधाराची माणसेही दुरावली.

आकडेवारीत याचे प्रतिबिंब दिसते, पण ते सरळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० मध्ये देशात स्त्रियांवरील अत्याचाराचे ३,७१,५०३ गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षापेक्षा ही संख्या ८.३ टक्क्यांनी कमी होती. त्याच वर्षी राष्ट्रीय महिला आयोगाकडे आलेल्या तक्रारी मात्र २३,७२२ वर गेल्या; सहा वर्षांतला तो उच्चांक होता, आणि त्यांतल्या पाच हजारांहून अधिक तक्रारी कौटुंबिक हिंसाचाराच्या होत्या. १० एप्रिल २०२० रोजी आयोगाला तक्रारींसाठी खास व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू करावा लागला होता. पोलीस ठाण्यातला आकडा उतरतो आणि आयोगाकडचा चढतो, याचा अर्थ हिंसा कमी झाली असा लावता येत नाही. ठाण्यापर्यंत पोहोचणे अवघड झाले, हाच त्याचा सरळ अर्थ. २०२१ मध्ये निर्बंध सैल होत गेले तेव्हा नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या ४,२८,२७८ वर पोहोचली.

भोपाळमध्ये या काळात घडलेल्या काही घटनांनी शहराला हादरवले. एप्रिल २०२० मध्ये, देशव्यापी टाळेबंदी ऐन कडक असताना, शाहपुरा भागात एका दृष्टिहीन महिलेवर तिच्या घरात शिरून बलात्कार झाला. तिचे पती टाळेबंदीमुळे परराज्यात अडकले होते. जानेवारी २०२१ मध्ये कोलार रस्त्यावर एका तरुणीवर हल्ला होऊन तिच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली, आणि पोलिसांच्या दिरंगाईवर मोठी टीका झाली. पहिली घटना बंद घरातली, दुसरी उघड्या रस्त्यावरची. घरात राहा म्हणजे सुरक्षित राहाल हा टाळेबंदीचा मूळ मंत्र विषाणूपुरता खरा होता. माणसाकडून येणाऱ्या धोक्याबाबत त्याने कोणतीच हमी दिली नव्हती.

तरीही निषेधाला आक्षेप घेणाऱ्यांची काळजी खोटी ठरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत भोपाळच्या भदभदा विश्रामघाटावर चितांना जागा अपुरी पडू लागली होती. अशा वेळी जमलेला कोणताही जमाव म्हणजे रुग्णालयांवर आणखी भार. तो भार वाहणाऱ्यांत परिचारिका आणि घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या होत्या, म्हणजे पुन्हा स्त्रियाच. आजारी माणसांची शुश्रूषाही बहुतेक घरांत त्यांच्याच वाट्याला येते. तेव्हा गर्दीला घातलेला आळा स्त्रियांच्याही हिताचा होता, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पुढचा प्रश्न कायद्याचा आहे. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. त्यासाठी देशाचे सार्वभौमत्व व अखंडता आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणे सांगितली आहेत. साथीच्या काळात प्रत्यक्षात वापरले गेले ते १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ कलम. साथ येण्याच्या जेमतेम आधी, १० जानेवारी २०२० रोजी, अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४४ कलमाबद्दल दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या: रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते वापरता येणार नाही, आणि घातलेला निर्बंध धोक्याच्या प्रमाणात असला पाहिजे. म्हणजे साथीमुळे हक्क संपत नाही, तो कसा बजावायचा एवढेच बदलते.

साथ, सत्तेचे अधिकार आणि स्त्रियांची अब्रू हा तिढा मराठी समाजाला नवा नाही. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठीच झाला. त्या वर्षी पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. माजघरात आणि देवघरात शिरणारे सैनिक, स्त्रियांची तपासणी, रोग्यांना ओढून नेणे यांविरुद्ध शहर संतापले. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी हेळसांड उघड केली. तेव्हा इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांनी स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप तिथल्या वर्तमानपत्रात केला. ते परत आल्यावर सरकारने त्यांच्याकडे पुरावा मागितला. साक्ष द्यायला कोणी पुढे येईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याआधीच २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती.

या इतिहासातून हाती लागते ती गोष्ट आजही उपयोगी आहे. साथीचे उपाय आवश्यक असले, तरी ते राबवणाऱ्यांच्या हाती मोठा अधिकार जातो, आणि तो अधिकार स्त्रियांच्या दाराशी येऊन पोहोचतो. त्या अधिकाराविरुद्ध तक्रार करायला सुरक्षित जागा नसेल तर खरे काय घडले हे कधीच ठरत नाही. पीडितेने तोंड उघडले तर बदनामी तिची, आणि गप्प राहिली तर आरोप खोटा ठरतो. गोखल्यांना माफी मागावी लागली यावरून पुण्यातल्या स्त्रियांना काहीच सोसावे लागले नाही असे सिद्ध झाले नाही. त्यांच्या बाजूने नोंद ठेवणारी यंत्रणा नव्हती, एवढेच दिसले.

२०२० मध्ये हाथरसच्या घटनेनंतर हाच तिढा नव्या रूपात आला. १४ सप्टेंबरला हल्ला झालेल्या दलित तरुणीचा २९ सप्टेंबरला दिल्लीत मृत्यू झाला, आणि त्याच रात्री पोलिसांच्या पहाऱ्यात गावात तिच्यावर अंत्यसंस्कार उरकले गेले. देशभर संताप उसळला. हाथरसकडे निघालेल्या विरोधी पक्षाच्या नेत्यांवर साथरोग कायद्याखालीही गुन्हे दाखल झाले. दिल्लीत इंडिया गेटवर जमण्यास मनाई होती. जंतरमंतरवर पूर्वपरवानगीने शंभर जणांपर्यंत जमता येत होते. २ ऑक्टोबरला तिथे त्याहून पुष्कळ जास्त लोक आले. नियम मोडला गेला, हे खरे. पण ज्या कुटुंबाला मुलीचा शेवटचा निरोपही नीट घेता आला नाही, त्याच्यासाठी बोलणारे लोक पुढच्या वर्षापर्यंत थांबू शकत नव्हते.

लंडनमध्ये मार्च २०२१ मध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीचे अपहरण झाले आणि पुढे तिचा खून झाला. गुन्हेगार नोकरीवर असलेला पोलीस निघाला. टाळेबंदीचे नियम मोडल्याचा बहाणा करून त्याने तिला खोटी अटक केली होती, हे पुढे न्यायालयात उघड झाले. क्लॅफम कॉमन मैदानावर १३ मार्चला श्रद्धांजलीसाठी जमलेल्या स्त्रियांना पोलिसांनी बळाने पांगवले आणि काहींना अटक केली. पोलीस निरीक्षण संस्थेने त्या वेळी पोलिसांची कारवाई योग्य ठरवली. वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने मात्र वेगळा निकाल दिला. मेळाव्याला आधीच नकार देताना नियमाला अपवाद करण्याइतके सबळ कारण आहे का, याचा विचारच पोलिसांनी केला नाही, आणि त्यामुळे आयोजक स्त्रियांच्या अभिव्यक्तीच्या व एकत्र येण्याच्या हक्कांचा भंग झाला, असे न्यायालय म्हणाले. मेळाव्याला मोकळे रान द्यायला हवे होते, असा या निकालाचा अर्थ नाही. सरसकट नकार देण्याआधी अंतर, संख्या, मुखपट्टी, वेळ यांवर आयोजकांशी बोलायला हवे होते, असा आहे.

निर्बंधाला नैतिक बळ येते ते तो सर्वांना सारखा लागू झाल्याने. मध्य प्रदेशात तसे झाले नाही. ३ नोव्हेंबर २०२० रोजी विधानसभेच्या २८ जागांची पोटनिवडणूक होती. प्रचारसभांतली गर्दी पाहून उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने २० ऑक्टोबरला प्रत्यक्ष सभांवर कडक बंधने घातली. सहा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. एप्रिल २०२१ मध्ये भोपाळसह राज्यातली शहरे ‘कोरोना कर्फ्यू’त असताना दमोहमध्ये पोटनिवडणुकीसाठी मोकळीक राहिली आणि १७ एप्रिलला मतदान झाले. मतांसाठी जमलेला जमाव चालतो आणि न्यायासाठी जमलेला चालत नाही, असे नागरिकांना दिसले की आरोग्याचे कारण त्यांना पटेनासे होते. त्याचे नुकसान शेवटी आरोग्याचेच.

वादाचा आणखी एक पदर जानेवारी २०२१ मध्ये भोपाळमध्येच उघड झाला. तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ११ जानेवारीला स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी ‘सम्मान’ अभियान सुरू केले. कामासाठी बाहेर पडणाऱ्या स्त्रीने पोलीस ठाण्यात नोंद करावी आणि तिच्या सुरक्षिततेसाठी तिच्यावर लक्ष ठेवावे, अशी कल्पना त्यांनी त्या वेळी मांडली. या कल्पनेवर देशभर टीका झाली. मंडीदीपच्या पाळीला जाणाऱ्या मिसरोदच्या बाईने रोजच्या जाण्यायेण्याची वर्दी ठाण्याला द्यायची, आणि तिचा पाठलाग करणाऱ्याला कोणतीच नोंद नाही, ही मांडणी सुरक्षिततेचा सगळा बोजा तिच्यावरच टाकते. टाळेबंदीने सर्वांनाच घरात बसवले होते. स्त्रियांना असे बसवणे साथ संपल्यावरही सोयीचे वाटू लागेल, ही भीती निराधार नव्हती. निषेधाची निकड या भीतीतूनही आली होती.

मग साथीच्या काळात शासनाचे कर्तव्य काय? पहिले, निषेधाला सरसकट बंदी न घालता अटी घालणे: मोकळे मैदान, मर्यादित संख्या, अंतर, मुखपट्टी, ठरलेली वेळ, आणि हीच मोजपट्टी सभा, मेळावे, मिरवणुका सर्वांना. दुसरे, रस्ता बंद करायचा तर दुसरी वाट आधी उघडणे. त्यासाठीचा अनुभव मध्य प्रदेशापाशीच आहे. राज्यातल्या १८० पोलीस ठाण्यांचा समावेश असलेल्या एका प्रयोगात काही ठाण्यांत स्त्रियांसाठी ‘ऊर्जा’ मदत कक्ष उभारले गेले. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, असे कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि कक्षात महिला अधिकारी असतील तिथे गुन्हे दाखल होण्यात अधिक फरक पडला. २०२१ मध्ये राज्यातल्या सातशे ठाण्यांत असे कक्ष सुरू करण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात तक्रार घेणे बंधनकारक केले आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते. तीन दिवसांत सही केली की ती नोंदवली जाते. पुन्हा टाळेबंदी आलीच तर तक्रार घरातून करता येण्याची ही सोय मोलाची ठरेल, पण फोन बाईच्या हातात असेल आणि पलीकडे ऐकणारे कोणी असेल तरच.

संसर्गाचा धोका आणि हिंसेचा धोका यांतला एकच निवडायचा, असा पेच समाजापुढे मांडला गेला तो या वाटा वेळेवर उघडल्या नाहीत म्हणून. साथ ही आरोग्याची आपत्ती आहे, आणि स्त्रियांवरची हिंसा हीसुद्धा त्यांच्या आरोग्यावर आणि जिवावर उठणारी आपत्ती आहे. टाळेबंदीची आखणी करताना औषधे, धान्य आणि दूध यांची व्यवस्था अत्यावश्यक मानली जाते. अत्याचारित स्त्रीला घराबाहेर काढणारे वाहन, चोवीस तास उघडे असलेले निवारागृह आणि तिची तक्रार नोंदवणारा अधिकारी यांनाही त्याच यादीत जागा मिळायला हवी. ती मिळाली तर स्त्रियांना रस्त्यावर जमण्याची गरज कमी भासेल. ती मिळेपर्यंत त्यांच्या जमण्याला बेजबाबदारपणा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.